मुलगा बोलत नाही, वडील सारखा फोन करतात: नशा करणाऱ्या किशोरवयीन मुलाच्या घरच्यांना किती सांगायचं?

समुपदेशक म्हणून तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: तुमच्याकडे येणारा १६ वर्षांचा मुलगा साधारण वर्षभर गांजा ओढतोय, गेले काही महिने जवळजवळ रोज. आईवडिलांनी त्याला धरूनच आणलं. दोन सत्रं झाली, पण ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’ याच्या पुढे तो गेलेला नाही. प्रत्येक सत्रानंतर वडिलांचा फोन येतो, “काय म्हणाला?” दर आठवड्याला लघवीची तपासणी करायची आणि पॉझिटिव्ह आली की व्यसनमुक्ती केंद्रात टाकायचं, असं त्यांनी जाहीर केलंय. आई मात्र गुपचूप पैसे देते. तुम्ही विचारलंय, मुलाला बोलतं कसं करू आणि आईवडिलांना किती सांगू?

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर बरंचसं त्यातच आहे. आपण बोललेलं वडिलांच्या कानावर जाणार की नाही, हेच मुलाला अजून माहीत नाही. मग तो बोलेल कशाला? आणि वडील फोन करतात, कारण हातपाय हलवायला त्यांना दुसरं काही दिलेलंच नाही. घाबरलेल्या माणसाला काम मिळालं नाही की तो चौकशी करत सुटतो. म्हणून मी एक नियम पाळते: पालकांना माहिती कमी द्यायची, काम जास्त द्यायचं. पुढचं सगळं या नियमावर उभं आहे.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत. कोणत्या वयात मुलाची स्वतःची संमती लागते, पालकांना नोंदी बघण्याचा हक्क आहे का, कोणत्या गोष्टी समुपदेशकाने कळवल्याच पाहिजेत, याचे कायदे ठिकाणागणिक बदलतात. तुमच्याकडचा कायदा आणि संस्थेचा नियम वाचून मगच पालकांशी शब्द ठरवा. घरात मारहाण होत असेल किंवा आईवडिलांपैकी कुणी स्वतः व्यसनात असेल, तर मी पालकांना जी कामं द्यायला सांगणार आहे ती तशीच्या तशी देता येणार नाहीत. आणि पदार्थ गांजाच आहे, हे तुम्हाला आत्ता फक्त पालकांकडून कळलंय, हेही लक्षात असू द्या.

तिसरं सत्र तिघांना एकत्र बसवून सुरू करा. “सुरुवातीलाच ठरवायला हवी होती अशी एक गोष्ट राहिली आहे, ती आज ठरवू या,” एवढी प्रस्तावना पुरे. मग मुलाच्या देखत पालकांना सांगा: “तो इथे जे बोलेल ते मी तुम्हाला सांगणार नाही. तो आला की नाही, काम पुढे सरकतंय की अडलंय, आणि तुम्ही घरी काय करायचं, हे सांगेन. त्याच्या जिवाला धोका वाटला तर मात्र गप्प राहणार नाही. पण तेव्हाही आधी त्याला सांगेन, मग तुम्हाला.” यानंतर मुलाकडे वळून धोका म्हणजे काय ते एकेक करून सांगा. मरून जावंसं वाटणं किंवा स्वतःला इजा करणं. दुसऱ्याला गंभीर इजा करायचा बेत. त्याच्यावर कुणी अत्याचार करत असणं. आणि जीव जाऊ शकेल अशी नशा, म्हणजे सुईने टोचून घेणं, हेरॉइनसारखे अफूवर्गीय पदार्थ, दारूबरोबर झोपेच्या गोळ्या, नशेत गाडी चालवणं. ‘काल गांजा ओढला’ हे या यादीत बसत नाही, हेही वडिलांसमोर स्पष्ट शब्दांत सांगा. मुलाची मान वर होते ती बहुतेक वेळा या वाक्याला.

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली म्हणजे “तुझं सगळं माझ्यापाशी गुप्त राहील” असं मोघम वचन. तीन आठवड्यांनी तो आत्महत्येबद्दल बोलतो, तुम्हाला ते सांगावंच लागतं, आणि मग तो पुढच्या समुपदेशकावरही विश्वास ठेवत नाही. दुसरी म्हणजे सत्र संपल्यावर दारात उभ्या उभ्या वडिलांना “आज बरा बोलला हो” असं सांगणं. बूट घालता घालता मुलगा ते ऐकत असतो. फोन आला तर एकच उत्तर ठेवा: “पुढच्या वेळी शेवटची काही मिनिटं त्यासाठीच ठेवली आहेत, तेव्हा तिघांसमोर बोलू.” पालक तुम्हाला काहीही सांगू शकतात, पण त्यांनी फोनवर जे सांगितलं ते तुम्ही मुलाला सांगणार आहात, हे त्यांना आधीच माहीत असावं. अडीच मिनिटांचा असला तरी तो फोन मुलापासून लपवू नका.

वेळेची वाटणी मी अशी करते: ७५ मिनिटांपैकी पहिली १० सगळे एकत्र, मग ४० मुलगा एकटा, मग २० पालक, आणि शेवटची ५ पुन्हा एकत्र. मुलगा नेहमी पालकांच्या आधी. पालक आधी आत गेले तर बाहेर बसलेल्या मुलाच्या दृष्टीने खटल्याचा निकाल लागलेला असतो. शेवटच्या ५ मिनिटांत त्याच्याबद्दल नाही, तर या आठवड्यात कुणी काय करायचं तेवढंच बोलायचं.

आता मुलगा. त्याच्या ४० मिनिटांत पहिलं काम त्याला बोलतं करण्याचं नाही, धोका किती आहे हे समजून घेण्याचं आहे. गांजाबरोबर आणखी काय, हे नीट विचारा. ‘घेतोस का?’ असा प्रश्न आला की उत्तर ‘नाही’ येतं. ‘सगळ्यात अलीकडे कधी?’, ‘गेल्या वर्षभरात साधारण किती दिवस?’ असं विचारलं की आकडे येतात. क्राफ्ट नावाची किशोरवयीन मुलांसाठीची सहा प्रश्नांची चाळणी इथे कामाला येते. नशेत असलेल्या कुणी, किंवा त्याने स्वतः, चालवलेल्या गाडीत तो बसलाय का. हलकं वाटावं किंवा चारचौघांत मिसळता यावं म्हणून घेतो का. एकटा असताना घेतो का. नशेत केलेलं नंतर आठवत नाही असं झालंय का. घरचे किंवा मित्र ‘कमी कर’ म्हणतात का. नशेपायी अडचणीत आलाय का. दोन किंवा जास्त ‘हो’ आले तर सविस्तर तपासणी लागतेच. माझं सगळ्यात जास्त लक्ष ‘एकटा’ या प्रश्नाकडे असतं. मित्रांबरोबर ओढणाऱ्या मुलाला मित्रांचा प्रश्न असतो. रात्री खोलीत एकट्याने ओढणाऱ्या मुलाला बहुधा झोपेचा, भीतीचा किंवा उदासीचा प्रश्न असतो, आणि तो सोडवल्याशिवाय गांजा सुटत नाही.

निदान करणाऱ्यांसाठी मानसोपचारात व्यसनाचे ११ निकष आहेत: गेल्या १२ महिन्यांत २ ते ३ लागू पडले तर सौम्य, ४ ते ५ मध्यम, ६ किंवा अधिक तीव्र. हे निदान डॉक्टर करतील, पण निकष तुम्हाला पाठ असावेत, म्हणजे डॉक्टरांकडे पाठवण्यात घाई किंवा दिरंगाई होणार नाही.

पदार्थ कोणता यावर पुढचं किती बदलतं, ते थोडक्यात. रोज दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याला ‘आजपासून बंद’ असं कधीही सांगू नका. एकदम बंद केल्यावर फिट येऊ शकते, दारूच्या बाबतीत ती पहिल्या दोन दिवसांत, आणि वातासारखी गोंधळलेली अवस्था दोन ते चार दिवसांत. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. हेरॉइन, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारख्या गोळ्या असतील तर बंद केल्यावरचा त्रास सहसा जीवघेणा नसतो, पण काही आठवडे थांबून पुन्हा जुन्याच मात्रेत घेतल्यावर श्वास बंद पडून मृत्यू येऊ शकतो, कारण तोवर शरीराची सवय मोडलेली असते. व्हाइटनर, सोल्युशन, पेट्रोल हुंगणाऱ्या मुलाला रंगेहाथ पकडलं तर आरडाओरडा करू नये, पाठलाग तर मुळीच नाही. त्या क्षणी घाबरल्याने हृदयाची लय बिघडून जागच्या जागी मृत्यू होऊ शकतो. हे पालकांना आधी सांगायला हवं. आणि गांजा ओढणाऱ्या मुलाला आवाज ऐकू येत असतील, कुणीतरी मागावर आहे असं वाटत असेल, किंवा रक्ताच्या नात्यात कुणाला तीव्र मानसिक आजार असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे या आठवड्यातच पाठवा.

मरायचे विचार येतात का, हेही पहिल्या दोनतीन भेटींत सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बऱ्याच मुलांना कुणीतरी विचारल्याचा सुटकारा वाटतो. ‘नाही ना असं काही?’ असं नका विचारू, त्यात उत्तर आधीच दिलेलं असतं.

मग बोलतं करणं. तो स्वतःहून आलेला नाही, हे तुम्हीच आधी म्हणून टाका: “तुला इथे यायचं नव्हतं, मला माहीत आहे. तुझ्या जागी दुसराही फारसा बोलला नसता.” मग त्याचा स्वतःचा फायदा कशात आहे ते शोधा. मला सगळ्यात चालणारा प्रश्न असा: “घरचे तुझ्या मागे लागणं बंद व्हावं, असं वाटतं ना? त्यासाठी काय व्हावं लागेल?” गांजा सोडण्यात त्याला रस नसेल, पण कटकट थांबवण्यात असतो, आणि तेवढं पुरतं. दुसरं म्हणजे ओढण्याआधीची दहा मिनिटं तपशिलात विचारा. किती वाजले होते, कुठे होतास, कोण होतं, नुकतंच काय झालं होतं, अंगात कसं वाटत होतं. नंतर लगेच काय बरं वाटलं, आणि दोन तासांनी काय. ‘का ओढतोस?’ या प्रश्नाला मुलं ‘असंच’ म्हणतात. ‘परवा संध्याकाळी साडेपाचला क्लासमधून निघालास, मग?’ याला मात्र उत्तर असतं. असे तीनचार प्रसंग एकाखाली एक लिहिले की नशा त्याच्यासाठी नेमकं काय काम करते ते दोघांनाही कागदावर दिसतं.

विल्यम मिलर यांनी १९८३ साली व्यसनी माणसांशी बोलण्याची जी पद्धत मांडली, ती पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर वाढवली. तिचं मर्म मला असं वाटतं: बदलाची बाजू तुम्ही घेतलीत की समोरचा दुसरी बाजू घेतो. किशोरवयात हे दुपटीने खरं आहे. त्याला विचारा, “कमी करावं असं ० ते १० मध्ये किती वाटतं?” तो ‘३’ म्हणाला तर ‘७ का नाही?’ विचारू नका, तो न सोडण्याची कारणं मोजायला लागेल. ‘१ का नाही?’ असं विचारा. मग सोडण्याची कारणं त्याच्याच तोंडून येतात, आणि तो स्वतःचं ऐकतो. माहिती द्यायचीच तर परवानगी घेऊन, दोन वाक्यांत, आणि लगेच ‘तुला काय वाटतं?’ उदाहरणार्थ, गांजा कधीतरी घेणाऱ्या सगळ्यांचा विचार केला तर साधारण ९ टक्क्यांना तो सोडता येत नाही, पण किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण साधारण सहात एक एवढं होतं. मुलं हा आकडा गंभीरपणे घेतात, कारण तो ‘सगळे बरबाद होतात’ असं म्हणत नाही, आणि न झालेले मित्र त्यांनी पाहिलेले असतात. मेंदूचा नियोजन करणारा, आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत असतो, हे सांगायचं असेल तर पालकांना सांगा. मुलाला त्यातून फक्त ‘तुला अक्कल नाही’ एवढंच ऐकू येतं.

एवढं करूनही तो दोन सत्रं गप्प राहिला तर राहू दे. पत्ते खेळा, चित्र काढू दे, बाहेर चालत चालत बोला. शेजारी बसून किंवा चालताना मुलं जास्त बोलतात, समोरासमोर नजरेला नजर देऊन कमी. शांतता भरून काढायला तुम्ही बोलत सुटलात तर ते भाषण होतं, आणि भाषणं त्याला घरी भरपूर मिळतात.

आता पालकांची २० मिनिटं, आणि मला वाटतं खरा फरक इथेच पडतो. रॉबर्ट मेयर्स यांनी विकसित केलेली एक कुटुंब-प्रशिक्षणाची पद्धत आहे. व्यसनी माणूस उपचाराला यायला तयारच नसेल, तेव्हा घरच्यांबरोबर काम सुरू करायचं, अशी ती कल्पना. दारू पिणाऱ्या मोठ्या माणसांच्या कुटुंबांवर झालेल्या १९९९ सालच्या एका अभ्यासात या पद्धतीने ६४ टक्के जण उपचाराला आले. सगळ्यांनी मिळून अचानक घेरून जाब विचारण्याच्या पद्धतीने ३० टक्के. मोठ्यांवरचा आकडा मुलांना जसाच्या तसा लावता येत नाही, पण दिशा तीच आहे, आणि म्हणूनच तुमच्याकडे येणारा हा मुलगा गप्प असला तरी तुमचं काम थांबलेलं नाही.

वडिलांना पहिलं काम हे द्या: सात दिवस, रोज एकदा, मुलगा नशेत नसतानाची एक बरी गोष्ट टिपायची आणि त्याच दिवशी, दहा शब्दांच्या आत, त्याला सांगायची. “आज वेळेवर उठलास, बरं वाटलं.” एवढंच. पुढे ‘असंच रोज उठलास तर…’ जोडायचं नाही, ते जोडलं की कौतुकाचा टोमणा होतो. वडिलांना हे पोरकट वाटेल. कारण समजावा: या घरात मुलाकडे लक्ष जातं ते फक्त त्याने नशा केल्यावर. नशा न केलेल्या तासांना घरात काही किंमत उरलेली नाही, आणि ती आधी यायला हवी.

दुसरं काम, नशेत असताना वाद नाही. डोळे लाल दिसले, वास आला, तर “जेव आणि झोप, उद्या साडेसहाला बोलू” एवढंच म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला खरंच बोलायचं. त्या बोलण्याचाही एक साचा देऊन ठेवा: काय दिसलं, मला काय वाटलं, मला काय हवंय. “काल तू अकराला आलास, फोन उचलला नाहीस. मी घाबरले. उशीर होणार असेल तर एक मेसेज कर.” ‘तू नेहमीच’, ‘तुझ्यामुळे’, ‘लोक काय म्हणतील’ हे शब्द आले की थांबायचं. हे वाक्य पालकांकडून तुमच्यासमोर मोठ्याने म्हणवून घ्या. डोक्यात सगळ्यांनाच जमतं, तोंडाने म्हणताना पहिल्या वेळी हटकून भाषण सुरू होतं.

तिसरं, नियम एकच आणि शिक्षा छोटी. ‘घरात नशा नाही’ किंवा ‘रात्री नऊच्या आत घरी’, यापैकी एक निवडा, कागदावर लिहा, मोडला तर काय तेही लिहा. शिक्षा त्याच दिवशी सुरू व्हावी आणि २४ तासांत संपावी. महिनाभर फोन काढून घेतला की तिसऱ्या दिवसापासून मुलाकडे गमवायला काही उरत नाही, आणि दहाव्या दिवशी पालक थकून फोन परत देतात. मग तो शिकतो ते एवढंच, की यांचे शब्द टिकत नाहीत. दोघांनाही शंभर टक्के पाळता येईल तेवढाच नियम करा.

आईच्या पैशांचा विषय वडिलांसमोर तिला उघडं पाडून काढू नका. आधी तिला एकटीला विचारा, “पैसे दिले नाहीत तर काय होईल असं वाटतं?” उत्तर बहुतेक वेळा भीतीचं असतं. तो चोरी करेल, घर सोडून जाईल, जिवाचं काही बरंवाईट करेल. ही भीती ऐकून तिचं उत्तर दिल्याशिवाय ‘पैसे देऊ नका’ म्हणणं फुकट आहे. मग दोघांचं मिळून ठरवा: आठवड्याला ठरलेली छोटी रक्कम, दोघांच्या वतीने, उघडपणे. बाकी खर्च थेट तिथे भरायचा, रोख हातात नाही. खोटी आजारपणाची चिठ्ठी शाळेत द्यायची नाही, आणि नशेमुळे बुडालेल्या परीक्षेची सारवासारव करायची नाही. अपवाद एकच: विकणाऱ्याची उधारी झाली असेल आणि मुलाला धमक्या येत असतील, तर तो शिस्तीचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे, आणि तो तसाच हाताळायचा.

घरात कोण काय पितं, हेही विचारा. वडिलांची सिगारेट किंवा कपाटातली दारू, आजीच्या झोपेच्या गोळ्या, सगळं. गोळ्या कुलपात, मोजून. वडील ओढत असतील तर ‘मी मोठा आहे’ हे उत्तर मुलाला पटत नाही. वडिलांनी स्वतःची सिगारेट कमी करायला घेतली तर मुलाला ते कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त ऐकू जातं. धाकटं भावंड असेल तर त्यालाही काय चाललंय ते त्याच्या वयाच्या शब्दांत सांगा. घरातल्या भांडणांचा अर्थ लहान मुलं स्वतःपुरता लावून घेतात.

लघवीच्या तपासणीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: वडिलांनी घरी करू नये. अधूनमधून ओढणाऱ्याच्या लघवीत गांजाचे अंश तीनचार दिवस दिसतात, पण रोज ओढणाऱ्याच्या लघवीत ते सोडल्यानंतरही ३० दिवस किंवा त्याहून जास्त दिसू शकतात. म्हणजे हा मुलगा आज सोडेल, आणि तिसऱ्या आठवड्यात वडिलांच्या हातातली पट्टी त्याला खोटारडा ठरवेल. त्या दिवशी तो पुन्हा ओढतो, कारण न ओढून मिळालं काय? शिवाय झटपट पट्टी कधीकधी दुसऱ्याच औषधाने पॉझिटिव्ह येते, तिची खात्री प्रयोगशाळेतल्या वेगळ्या तपासणीनेच होते. कृत्रिम गांजा आणि हुंगायचे पदार्थ नेहमीच्या पट्टीवर दिसतच नाहीत, आणि पट्टी चुकवायला मुलं नेमकी तिकडेच वळतात. भरपूर पाणी पिऊन नमुना पातळ करता येतो. प्रयोगशाळा म्हणून क्रिएटिनिन (लघवीत नेहमी असणारा एक घटक) बघते, ते २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर नमुना पातळ आहे असं धरतात. तपासणी करायचीच असेल तर मुलाच्या संमतीने, दवाखान्यात, निकाल डॉक्टरांकडे, आणि पॉझिटिव्ह आली तर काय करायचं हे आधी ठरवून. ते ‘काय’ म्हणजे पुढचं सत्र लवकर घेणं, केंद्रात टाकणं नव्हे. वडिलांना हे आकडे समजावून सांगा. बहुतेक वडील आकड्यांपुढे हट्ट सोडतात.

इथवरचं एका वाक्यात: आधी तिघांसमोर करार, मग मुलाचा धोका मोजणं, मग पालकांना काम, आणि तपासणीची पट्टी घराबाहेर.

मुलाने सोडायचं ठरवलं की पहिले दोन आठवडे घरच्यांना आधी समजावून ठेवा. रोजचा गांजा बंद केला की एक ते तीन दिवसांत चिडचिड, अस्वस्थपणा, भूक न लागणं, झोप न येणं सुरू होतं. पहिल्या आठवड्यात ते सगळ्यात जास्त असतं, दोन आठवड्यांत बरंच ओसरतं. झोपेचा त्रास आणि विचित्र, ठळक स्वप्नं महिनाभरही राहू शकतात. पालकांना चौथ्या दिवशीची चिडचिड म्हणजे ‘पुन्हा ओढलं’ असंच वाटतं, आणि नेमक्या सगळ्यात अवघड दिवशी त्याच्यावर आरोप होतो. गांजा तंबाखूत मिसळून ओढत असेल तर निकोटिनची तलफही वेगळी येते. ती दोन ते तीन दिवसांत शिगेला पोचते आणि दोन ते चार आठवडे टिकते. कित्येक मुलं गांजा सोडतात आणि तंबाखूपायी परत त्याच कट्ट्यावर जातात, म्हणून दोन्हींचा बेत एकत्र करा.

तलफ लाटेसारखी चढते आणि सहसा अर्ध्या तासाच्या आत उतरते. मुलाला हे माहीत नसतं, त्याला वाटतं ती ओढेपर्यंत वाढतच जाणार. त्या अर्ध्या तासासाठी कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: कुठे जायचं, कुणाला फोन करायचा, हातांनी काय करायचं. मित्रांना नकार देण्याचं वाक्य छोटं असावं, “नको, आज नाही,” आणि लगेच विषय बदलायचा किंवा निघायचं. कारणं सांगायला लागला की मित्र ती एकेक करून खोडतात. हे वाक्य सत्रात म्हणवून घ्या, तुम्ही मित्र व्हा आणि आग्रह करा. शाळा सुटल्यापासून घरचे येईपर्यंतचे रिकामे तास कोणते ते आठवड्याच्या तक्त्यावर मांडा आणि आधी त्यातले दोनच दिवस भरा, त्याला खरंच आवडणाऱ्या गोष्टीने. सगळा आठवडा एकदम भरलेला तक्ता कधी टिकत नाही.

तो घसरेल, हे धरून चाला, आणि घसरण्याआधीच तिघांसमोर ठरवा. एकदा ओढल्यावर ‘आता गेलंच सगळं’ या भावनेने मुलगा पुढचे दहा दिवस ओढतो, आणि खरं नुकसान त्या दहा दिवसांत होतं. म्हणून नियम असा ठेवा: घसरला तर त्याने तुम्हाला किंवा ठरलेल्या एका मोठ्या माणसाला २४ तासांत सांगायचं, आणि सांगितल्याबद्दल शिक्षा नाही. सत्रात बघायचं ते त्या आधीच्या दहा मिनिटांकडे, पुन्हा तपशिलात. अफूवर्गीय पदार्थांचा इतिहास असेल तर घरच्यांना बेशुद्धी, मंद श्वास, निळसर ओठ आणि डोळ्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या ही लक्षणं शिकवा. आपत्कालीन मदत बोलवायची, कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, आणि नॅलोक्सोन (अफूवर्गीय नशेचा परिणाम उतरवणारं औषध) मिळत असेल तर ते घरात ठेवायचं.

वडिलांच्या केंद्राच्या धमकीबद्दल. निवासी उपचार कधीकधी लागतात: बंद करताना शारीरिक धोका असेल, आत्महत्येचा धोका असेल, घरच सुरक्षित नसेल, किंवा बाहेरचे नीट केलेले प्रयत्न फसले असतील. शिक्षा म्हणून मात्र कधीच नाही. पालक केंद्र बघायला जाणार असतील तर त्यांना हे प्रश्न लिहून द्या: मुलांना मोठ्यांपासून वेगळं ठेवतात का, मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, घरच्यांची सत्रं होतात का, मुलाला घरी फोन करता येतो का, शिक्षणाचं काय, बाहेर पडल्यावरचे तीन महिने कोण बघणार. झोपेतून उचलून नेणारी, मारहाण करणारी, भेटू न देणारी जागा असेल तर सरळ नाही म्हणा. व्यसन करणाऱ्या मुलांना एकत्र बसवून गट घेण्याबाबतही जपून राहा. डिशन, मॅककॉर्ड आणि पुलिन यांनी १९९९ साली दाखवलं, की बेशिस्त वागणाऱ्या मुलांचे गट केले तर काही वेळा वागणं सुधारण्याऐवजी बिघडतं, कारण नियम मोडल्याच्या गप्पांवर हशा मिळतो आणि तो हशाच बक्षीस ठरतो. गट घ्यायचाच तर छोटा, दोन मोठी माणसं, आणि प्रसंग रंगवून सांगायला सक्त मज्जाव.

कोणती पद्धत वापरू, यावर फार रात्री जागवू नका. गांजा घेणाऱ्या ६०० किशोरवयीन मुलांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात पाच वेगवेगळ्या पद्धती तपासल्या. त्यातली सगळ्यात छोटी पाच सत्रांची होती, आणि परिणामांत फार मोठा फरक दिसला नाही. ठरवलेली पद्धत नेमाने करणं आणि घरच्यांना सोबत घेणं हे जास्त महत्त्वाचं. मी आठवड्याला एक याप्रमाणे १२ ते १४ सत्रं धरते, त्यातली निदान चार पालकांची.

पाचसहा आठवड्यांत ओढण्याचे दिवस कमी झाले नाहीत, शाळेत जाणं सुधारलं नाही, झोप-जेवण तसंच राहिलं, तर किशोरवयीन मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. उदासी, चारचौघांतली भीती, लक्ष न लागण्याचा आजार, यापैकी काही नशेच्या खाली दडलेलं असेल तर त्याला औषध लागू शकतं. पाठवताना नुसता पत्ता हातात देऊ नका. मुलाला वाचायला देऊन मगच पत्र लिहा, पहिली वेळ तुम्हीच त्याच्यासमोर फोन करून घ्या, आणि तो तिकडे निदान दोनदा जाऊन येईपर्यंत तुमच्याकडची त्याची वेळ चालू ठेवा.